आधी गाडी, मग दिवा

श्रावण लागला की आपल्या घराघरांतून सणांची रीघ सुरू होते आणि त्या रिघेत आरंभीचा मान नागपंचमीचा असतो. ओल्या अंगणाचा वास, पाटावर चंदनाने रेखलेली नागाची आकृती, शेजारी दुधाची वाटी, लाह्या, दूर्वा, आघाडा. स्वयंपाकघरात पुरणाच्या दिंडांची वाफ. आणि परसातल्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर माहेरी आलेल्या लेकी. आज घरात विळी चालत नाही, चुलीवर तवा चढत नाही, शेतात नांगर धरला जात नाही. वर्षभर आपल्या हातून जमिनीला आणि जमिनीतल्या जिवांना ज्या जखमा होतात, त्यांतून निदान एका दिवसाची सुटी त्यांना मिळावी, असा काहीसा या रीतीचा भाव आहे.

अशा या मंगल दिवशी एखादा चिकित्सक गृहस्थ दारात उभा राहून म्हणेल, की अहो, साप दूध पीत नाही, त्याला आपल्यासारखे बाहेरचे कान नाहीत, उपकार वा अपकार स्मरणात ठेवण्याइतकी बुद्धी नाही. मग ही पूजा कोणाची आणि कशासाठी? त्या गृहस्थाचे म्हणणे खरे आहे, हे आम्ही प्रारंभीच मान्य करतो. दूध हे सापाचे अन्न नव्हे. गारुड्याच्या टोपलीतला नाग वाटीला तोंड लावताना दिसतो तो बहुधा अनेक दिवसांच्या तहानेने व्याकूळ झालेला असतो, आणि पुष्कळदा त्याचे दातही पाडलेले असतात. त्याला दूध पाजून पुण्य जोडले असे ज्यांना वाटते, त्यांनी वस्तुतः एका मुक्या जिवाच्या छळाला दक्षिणा दिलेली असते.

तरीही आम्ही आज पाटावर नाग रेखतो. तर मग आमची बुद्धी गहाण पडली आहे, की त्या रेखाटनात बुद्धीच्या हिशेबात न मावणारे काही आहे? सणाच्या दिवशी हा प्रश्न विचारणे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. परंतु आमच्या आजोळी हा प्रश्न एका रात्री फार मोठे मोल देऊन विचारला गेला होता, आणि ती रात्र सांगितल्याखेरीज पुढचे काही सांगता येणार नाही.

कोकणातील ते घर चारचौघांसारखेच देवभोळे. आजोबा रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचीत; गावचा तंटाबखेडा त्यांच्या ओटीवर मिटे. भाद्रपदातल्या एका रात्री गोठ्याच्या पडवीत जमिनीवर झोपलेला गड्याचा मुलगा पोटात कळा येतात म्हणून उठला. वय असेल बारा वर्षांचे. आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. कोणी तरी घोंगडी झटकली, तेव्हा काळ्या अंगावर पांढरे बारीक पट्टे असलेला साप सळसळत निघून गेला. ती मण्यार होती. पायावर दंशाची खूण शोधून सापडेना, सूज नाही, रक्त नाही. त्यामुळे प्रकरण फारसे गंभीर नसावे असेच सर्वांना वाटले. चार कोसांवर तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना होता. अंगणात गाडी होती, गोठ्यात बैल होते. पण ओढ्यापलीकडे सापाचे विष उतरविणारा मांत्रिक होता आणि तीनच वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या मामाला साप चावला असता त्याच्याच मंत्राने गुण आला होता. आजोबांनी क्षणभरही न घुटमळता मुलाला तिकडे न्यायला सांगितले. गड्याने लेकाला पाठुंगळीस मारले. पुढे कंदील धरून आम्ही चाललो होतो.

रात्र उलटली. मुलाच्या पापण्या जड होऊ लागल्या, शब्द अडखळू लागले. मांत्रिक म्हणाला, विष उतरते आहे, आता झोप लागू द्या. झोप लागली. उजाडण्यापूर्वी श्वास थांबला. इकडे देवघरात आजी रात्रभर दिव्यात तेल घालीत बसली होती.

पुढल्या श्रावणात आजीने नेहमीप्रमाणे नाग रेखला. पूजा झाल्यावर ती आजोबांकडे वळली आणि इतकेच म्हणाली, "देवानं गाडी दारात उभी ठेवली होती. आपण ती जुंपली नाही. यापुढं या घरात कोणालाही पान लागलं, तर आधी गाडी, मग दिवा." आजोबांनी मान खाली घातली. त्यांनी कोणाचेही बोलणे असे ऐकून घेतलेले आम्ही त्यापूर्वी पाहिले नव्हते.

शहाणी माणसे आणि चुकीचा हिशेब

आमचे आजोबा मूर्ख नव्हते, निर्दयही नव्हते. स्वतःच्या मुलासाठी जो उपाय त्यांनी केला, तोच गड्याच्या मुलासाठी केला. मग चूक कोठे झाली? ती समजून घेतली तर मानवी मनाच्या एका सार्वत्रिक दुबळेपणाचा उलगडा होतो.

भारतात सापांच्या सुमारे तीनशे जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य बिनविषारी आहेत. आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यत्वे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या दंशाने. आणि हे विषारी सापही प्रत्येक दंशात पुरेसे विष सोडतातच असे नाही. आता समजा, एखाद्या मांत्रिकाकडे शंभर माणसे आली आणि त्यांतील सत्तरांना विषबाधा झालेलीच नाही. हे सत्तर जण काहीही न करता बरे होणारच होते. पण ते घरी परततात ते मंत्राचा महिमा गातच. उरलेल्यांपैकी जे जातात, त्यांच्याविषयी कोणी म्हणतो वेळ झाला होता, कोणी म्हणतो शिवाशीव झाली, कोणी म्हणतो आयुष्याची दोरीच तेवढी होती. म्हणजे यश मंत्राच्या खाती आणि अपयश दैवाच्या खाती. अशा वहीत मांत्रिकाचे कधी नुकसान दिसतच नाही. थोरल्या मामाला चावलेली बहुधा धामण असावी, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी उमगले. पण त्या धामणीच्या पुण्याईवर मण्यारीचा दंश सोपविला गेला होता.

हा दोष केवळ खेडुतांचा, अशिक्षितांचा वा आपल्याच देशाचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याने १९४८ साली कबुतरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिंजऱ्यातील भुकेल्या कबुतरांना ठराविक अंतराने दाणे मिळत. कबुतर काय करते याच्याशी त्या दाण्यांचा काडीचाही संबंध नव्हता. तथापि आठांपैकी सहा कबुतरांनी आपापला एक विधी तयार केला. दाणा पडला त्या क्षणी जे सहज घडले होते, त्यानेच दाणा आला अशी जणू खूणगाठ बांधून कोणी गिरक्या घेऊ लागले, कोणी एकाच कोपऱ्याकडे मान उडवू लागले. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणाचे नाते जोडण्याची ही खोड पक्ष्यापासून पंडितापर्यंत सर्वांत आहे. किंबहुना तिच्याशिवाय जीव जगलाच नसता. कारण झुडूप हलले की वाघ आला असे मानून पळणारा दहांपैकी नऊ वेळा चुकला, तरी दहाव्या वेळी वाचला.

दुसरा दाखला समुद्रावरचा. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातील ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला. त्याला असे आढळले, की खाडीच्या शांत पाण्यात, जेथे मासळी हमखास मिळे, तेथे मासेमारीसाठी ते लोक मंत्रतंत्र करीत नसत; खुल्या समुद्रात जाताना मात्र विधींचा मोठा पसारा असे. जेथे जीव टांगणीला लागतो आणि हातातली विद्या अपुरी पडते, तेथे माणूस अज्ञाताशी बोलू लागतो. नागपंचमीनंतर दहा दिवसांनी नारळी पौर्णिमेला आपला कोळी बांधव दर्याला नारळ वाहतो, त्यामागचे मन याहून निराळे नाही. मात्र तो नारळ वाहतो आणि होडीची डागडुजीही करतो. नारळ वाहिला म्हणून फुटकी होडी पाण्यात लोटीत नाही. आजीच्या वाक्यात आणि कोळ्याच्या या रीतीत एकच शहाणपण आहे असे आम्हांस वाटते.

त्या माउलीने नाग का पुजला?

येथवर आमचा चिकित्सक गृहस्थ प्रसन्न झाला असेल. पण आता जे सांगावयाचे आहे ते त्याच्या हिशेबात सहजी बसणारे नाही.

त्या वर्षी आजीशेजारी बसून आणखी एका बाईने नागाची पूजा केली. ती मेलेल्या मुलाची आई. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे भावासाठी उपवास करतात आणि पंचमीला नाग भाऊ म्हणून पुजला जातो. ज्याच्या जातीने पोटचा गोळा नेला, त्याला त्या बाईने भाऊ म्हणून लाह्या वाहिल्या. आम्ही मुले अवाक् होऊन पाहत राहिलो. आमच्यातील एकाने तर काठी घेऊन बांधावरचे वारूळ फोडून टाकण्याचा बेत केला होता. त्या बाईनेच ती काठी काढून घेतली.

हे वर्तन विवेकाच्या कोणत्या सूत्रात बसते? भीती म्हणावी, तर जे जायचे ते तिचे आधीच गेले होते. फळाची आशा म्हणावी, तर मागण्यासारखे काही उरले नव्हते. आमच्या अल्पमतीला आज असे वाटते, की ज्या जगात आपले लेकरू काहीही अपराध नसता झोपेत मरते, त्या जगाशी वैर धरून उरलेले आयुष्य काढावयाचे की नाते धरून, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता. आणि तिने नाते धरले. हा अर्थ तिला कोठे सापडला नव्हता, तिने तो लाह्यांच्या ओंजळीत स्वतः निर्माण केला होता. विज्ञान मण्यारीचे विष शरीरात काय करते ते सांगेल, आणि ते सांगितलेच पाहिजे. पण त्यानंतर सकाळी उठून कोणाच्या तोंडाकडे पाहून जगावयाचे, हे विषाच्या पृथक्करणातून निघत नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील सर्पसत्राची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. तक्षकाच्या दंशाने परीक्षिताचा अंत झाला आणि पुत्र जनमेजयाने सूडापोटी समस्त नागकुळाच्या संहारासाठी यज्ञ मांडला. ध्यानात घ्यावे, की त्या यज्ञात शास्त्राची उणीव कसलीच नव्हती. ऋत्विज विद्वान होते, मंत्र बिनचूक होते, आहुत्या यथासांग पडत होत्या. तरीही ते कर्म थांबविण्यायोग्य होते, कारण एकाच्या अपराधासाठी हजारो निरपराध अग्नीत पडत होते. ते थांबविले आस्तिकाने. ऋषी पित्याचा आणि नागकन्या मातेचा तो पुत्र. म्हणजे दोन्ही कुळांचे रक्त ज्याच्या अंगात होते, त्यालाच दोन्ही बाजूंचे दुःख दिसले. परंपरा त्या घटनेचा संबंध नागपंचमीशी जोडते. विधी निर्दोष असूनही कर्म सदोष असू शकते, हे आपल्याच पूर्वजांनी इतक्या स्पष्टपणे सांगून ठेवले असताना, विधीविषयी प्रश्न विचारणारा तो नास्तिक असे आपण कसे म्हणावे? ज्याने यज्ञ थांबविला त्याचे नावच आस्तिक होते!

श्रद्धेची कसोटी

तेव्हा आमच्या मते प्रश्न श्रद्धा की बुद्धी असा नाहीच. अतार्किक गोष्टी आपण सारेच करतो. परगावी निघालेल्या मुलाच्या हातावर दही घालतो, गेलेल्या माणसाच्या खुर्चीवर बसत नाही, जुनी पत्रे जपून ठेवतो. यांत कोणाचे काही बिघडत नाही. उलट मन थोडे ओले राहते. कसोटी एवढीच, की या रीतीचे मोल कोण देतो? पाटावरच्या नागाचे मोल चिमूटभर चंदन असते. टोपलीतल्या नागाचे मोल त्या जिवाचे हाल असतात. आणि मांत्रिकाच्या दारातल्या रात्रीचे मोल बारा वर्षांचा मुलगा असतो. तिन्हींना श्रद्धा हे एकच नाव देणे हा श्रद्धेवरच अन्याय आहे.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचे उदाहरण घ्या. तेथे जिवंत नाग पकडून पूजण्याची आणि मिरवणुकीची फार जुनी प्रथा. वन्य जीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांच्या त्या खेळांना प्रतिबंध झाला. तेथील भाविकांना झालेले दुःख आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत सुटताना मन दुखतेच. पण ज्याला देव मानले त्याला मोकळे सोडण्यात भक्ती उणावते असे आम्हांस वाटत नाही. शेतातला साप उंदीर खाऊन आपले धान्य राखतो. तो जेथे आहे तेथेच राहू देणे, हीच त्याची खरी पूजा.

आपल्या संतांनी ही कसोटी केव्हाच घालून दिली आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या नाथांची आख्यायिका आपण मुलांना कौतुकाने सांगतो. नवससायासांवर तुकोबांनी ओढलेला आसूड कीर्तनातून ऐकतो. हातात खराटा घेऊन गावे झाडणारे आणि रात्री कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न विचारून लोकांना विचार करावयास लावणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) तर ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, अशा घरांतून आजही आठवणीत आहेत. यांपैकी कोणीही देव सोडला नाही. देवाच्या नावावर चाललेला अविचार मात्र सोडावयास सांगितले.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ साली. त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला. भरल्या श्रावणात घडलेली ती गोष्ट आठवताना कोणाही भाविकाने अंतर्मुख व्हावे. पुष्कळांना वाटले होते, की हा कायदा आपल्या पूजेअर्चेवर येणार. वस्तुतः प्रदक्षिणा, वारी, भजन, कीर्तन, प्रवचन, घरातील व मंदिरातील उपासना यांना हात लावला जाणार नाही, असे त्या कायद्यातच नमूद आहे. आणि त्यात गुन्हा म्हणून जे सांगितले, त्यांत एक गोष्ट अशी आहे, की साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याच्यावर मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे. ते कलम वाचले तेव्हा आम्हांला आमच्या आजीचे वाक्य आठवले. विधिमंडळाने २०१३ साली जे लिहिले, ते तिने देवघरातल्या पाटासमोर बसून केव्हाच सांगितले होते.

आज काय करावे?

ही जुनी गोष्ट झाली, आता कोण मांत्रिकाकडे जातो, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. पण २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. आणि त्यांतील फार मोठा भाग खेड्यापाड्यांतला, पावसाळ्यातला, अर्थात याच सणांच्या दिवसांतला. मृत्यूंची ही संख्या २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प केंद्र शासनाने २०२४ साली सोडला आहे. तो केवळ शासनाने सोडून भागणार नाही. प्रत्येक देवघरात सोडला पाहिजे.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. सर्पदंशावरील लस तयार होते ती सापाच्याच विषापासून. ते विष अल्प प्रमाणात घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याचा प्रतिकार करणारी द्रव्ये निर्माण होतात आणि त्यांपासून औषध सिद्ध होते. म्हणजे जो मारतो त्याच्याच दातातून तारणारे औषध निघते, आणि एक मुका जनावर ते आपल्या रक्तात वाहून आणतो. भाविक मनाला हात जोडावेसे वाटावेत असे याहून मोठे काय हवे?

म्हणून आज पूजा झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना जवळ बसवून कहाणी सांगावी. आणि कहाणीबरोबरच हेही सांगावे, की साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. चावलेल्यास धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये, आणि १०८ क्रमांकाला बोलावून वा मिळेल त्या वाहनाने थेट सरकारी दवाखाना गाठावा. खूण दिसत नाही म्हणून थांबू नये. पडवीत, जमिनीवर झोपणाऱ्या आपल्या गड्यामाणसांना एखादी खाट आणि मच्छरदाणी द्यावी; नागपंचमीचे याहून चांगले वाण आम्हांस ठाऊक नाही.

आजोळचे ते घर आता आमच्या मामेभावाकडे आहे. गोठा राहिला नाही, बैल गेले, अंगणात चारचाकी उभी असते. पण पंचमीला पाट मांडला जातो, त्यावर नाग रेखला जातो आणि नैवेद्य दाखवून झाला की घरातला कर्ता पुरुष उठून बाहेर जातो, गाडी सुरू होते की नाही ते पाहतो आणि मग पानावर बसतो. नव्या सुनांना ही रीत चमत्कारिक वाटते. त्या विचारतात, तेव्हा त्यांना त्या मुलाची गोष्ट सांगितली जाते, आणि मग दिंडे वाढली जातात.